मिनी लॅपटॉपची माफी

माफी मागण्यात धरणेंद्र चौगुले सांगलीत कुणाला हार जायचा नाही. दशलक्षण पर्वाचे उपास संपले, क्षमावाणीचा दिवस उजाडला, की गडी पांढरा सदरा-लेंगा घालून स्कूटर काढायचा आणि दारोदार हात जोडत फिरायचा. वर्षभरात कळत-नकळत ज्याचं मन दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची, ही जैनांची रीत. बाकीचे लोक देवळात भेटेल त्याला हात जोडतात, लांबच्यांना मोबाइलवर फुलांचं चित्र ढकलतात आणि सुटतात. धरणेंद्रला ते मंजूर नव्हतं. "चित्र पाठवून कुठं क्षमा होतीय होय? तोंड दाखवावं लागतंय," म्हणायचा. भाऊबंद झाले, शेजारी झाले, दूधवाला झाला, एकदा तर कधीतरी हुज्जत घातलेला रिक्षावालासुद्धा त्यानं स्टँडवर जाऊन हुडकून काढला. बायको गुणमाला कपाळाला हात लावायची. "आवं, माफी मागायला मिळावी म्हणून वर्षभर भांडताय का काय तुमी?"

या फेरीत आणखी एक मंडळी हमखास असायची. त्याच्याकडून मिनी लॅपटॉप घेतलेली गिऱ्हाइकं. आता हे मिनी लॅपटॉपचं खूळ काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच उमगायचं नाही.

पंधराएक वर्षांमागची गोष्ट. गणपती पेठेत धरणेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, बेताचंच. तेव्हा बाजारात हे चिमुकले लॅपटॉप आले. वहीएवढी स्क्रीन, बोटं आखडून टाइप करावं लागणारी बारकी बारकी बटणं, वजन म्हणाल तर दीड शेर हळदीएवढं. बाकीच्या दुकानदारांनी ते खेळणं समजून कोपऱ्यात ठेवलं. धरणेंद्रनं ते हातात घेतलं आणि पठ्ठ्या प्रेमातच पडला. गरजेपुरतंच जवळ ठेवावं, पसारा वाढवू नये, हे लहानपणापासून त्याच्या कानावर पडलेलं. आणि इथं तर तेच तत्त्व कुणीतरी प्लॅस्टिकच्या डबीत भरून दिलेलं! पत्र लिहा, हिशेब करा, इंटरनेट बघा. माणसाला आणखी काय लागतं?

कंपनीचा एजंट भला माणूस होता, त्यानं सावध केलं. "साहेब, माल थोडाच भरा. खालनं मोबाइल मोठा होत चाललाय, वरनं मोठे लॅपटॉप स्वस्त व्हायला लागलेत. मधल्याला कोण विचारणार?"

"लहानाला जागा असतीय हो बाजारात," धरणेंद्र म्हणाला. "मोठ्यात जे आहे ते सगळं ह्यात आहे."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच ऐकवायचा. आणि कुणी शंका काढलीच, तर सिद्धूच्या पोरीचा दाखला द्यायचा.

सिद्धू म्हणजे कवठे महांकाळकडचा मेंढपाळ. धरणेंद्रची समडोळीला थोडी शेती, ऊस आणि हळद. दरवर्षी दिवाळी झाली की सिद्धू आपला कळप घेऊन पश्चिमेकडं उतरायचा आणि पहिला मुक्काम धरणेंद्रच्या रानात टाकायचा. मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं, आणि दोन घरांचं नातं तयार होतं ते निराळंच. क्षमावाणीच्या दिवशी सिद्धू लांब असायचा, म्हणून धरणेंद्र त्याची क्षमा दिवाळीनंतर, तो आला की बांधावर उभं राहून मागायचा. सिद्धूला दरवर्षी तेवढंच हसू फुटायचं. "आवं आण्णा, माफी कशाची? तुमचा ऊस माझ्या मेंढरांनी खाल्ला, माफी मी मागाया पायजे!" मग दोघं बांधावर बसून चहा प्यायचे.

सिद्धूची पोरगी स्वप्नाली लय हुशार. शाळेच्या दिवसांत वसतिगृहात, सुट्टीत मेंढरांमागं. तिची आई हरणाबाई एकदा वाटेतच बाळंत झाली होती, पोर गेलं, पण कुठल्याशा गावच्या नर्सबाईनं रात्रभर बसून हरणाबाईला वाचवलं. तेव्हापासून या पोरीनं मनाशी धरलेलं, आपण नर्स व्हायचं. बारावीला बसली तसं सिद्धूनं एक मेंढा विकला आणि धरणेंद्रच्या दुकानातून तिला मिनी लॅपटॉप घेऊन दिला. धनगराच्या बिऱ्हाडासोबत दुसरा कुठला कॉम्प्युटर फिरला असता, तुम्हीच सांगा. घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर कोंबड्यांची टोपली, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि सगळ्यांच्या वर गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप. धरणेंद्रनं ते दृश्य आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी दुकानात येऊन पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "जे घोड्यावर बसून फिरतंय, ते बाजारातनं उठणार कसं?"

बारावीला तिला चांगले मार्क पडले. नर्सिंगचा अर्ज तेव्हा नुकताच ऑनलाइन भरायचा झाला होता. पावसाळ्याचे दिवस, कळप गावाकडं आलेला. पोरीनं घराच्या ओट्यावर बसून, डोंगल लावून, रेंज येईल तसा तो अर्ज भरला आणि शेवटाला अडली, म्हणून धरणेंद्रला फोन केला.

"आण्णा, समदं भरलंय. पर शेवटी एक चौकट उघडलीया. नुसता मजकूर दिसतोय. फुडं काय करायचं ती काय दिसंना."

दुकानात त्या वेळी गर्दी होती. धरणेंद्रनं फोन मानेत धरला होता आणि हातानं कुणाचं तरी बिल फाडत होता. "वर हिरवी खूण दिसतीय का?"

"व्हय."

"मग झालं की! कर बंद."

"नक्की का आण्णा?"

"अगं, माझ्याकडनं घेतलायस न्हवं? काळजी करू नको," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पुढं यादी लागली, तिच्यात स्वप्नालीचं नाव नव्हतं. सिद्धू दुकानात येऊन स्टुलावर बसला. "मार्क कमी पडलं असतील, आण्णा. मोठ्या शाळंतल्या पोरींच्या फुडं आमची काय टिकणार." धरणेंद्रला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. त्यानं चहा मागवला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पण धनगराच्या घरात पोरीसाठी पुढचं वर्ष मोकळं नसतं. उंब्रजचा तानाजी नावाचा मुलगा सांगून आला, टेम्पो चालवायचा, निर्व्यसनी होता. लग्न झालं. धरणेंद्र आणि गुणमाला अगत्यानं गेले, पितळेची समई दिली, जेवून आले.

इकडं बाजारानं एजंटाचं म्हणणं खरं केलं. दोन-तीन दिवाळ्या मिनी लॅपटॉप खपले आणि मग असे गेले, की जणू कधी नव्हतेच. मोबाइलनं खालून खाल्ले, मोठ्यांनी वरून. चार्जर मिळेनात, बॅटऱ्या मिळेनात, कंपन्यांनी नाव टाकलं. बाजाराला कुणाची कीव येत नाही, आणि तत्त्वबित्त्व तर तो ओळखतच नाही. धरणेंद्रचा मुलगा आर्जव मोठा झाला, दुकानात बसू लागला आणि बापाला न दुखावता त्यानं हळूहळू सगळे रॅक मोबाइलनं भरून टाकले. धरणेंद्रला राग आला नाही. त्याला फक्त त्या गिऱ्हाइकांची लाज वाटू लागली. आपण छातीवर हात ठेवून सांगितलं, हे राहणार, आणि राहिलं नाही. म्हणून क्षमावाणीला तो त्यांच्याही दारात जायचा. लोक हसायचे. "आण्णा, अहो तो डबा कवाच भंगारात गेला! बसा, चहा घ्या." तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं. मनात म्हणायचा, एक स्वप्नाली तेवढी अशी, की जिच्या लॅपटॉपनं शेवटपर्यंत साथ दिली. तिची कधी तक्रार आली नाही.

यंदा श्रावणात आर्जवनं दुकानाचा पोटमाळा साफ करायला काढला. खोक्यात एक शेवटचा मिनी लॅपटॉप निघाला, चार्जरसकट. धरणेंद्र हरखला. वायर लावली तर बिचारं सुरूसुद्धा झालं. आत जुने फोटो होते दुकानाच्या उद्घाटनाचे. ते पेनड्राइव्हवर घ्यावेत म्हणून तो खटपट करू लागला. एक चौकट उघडली. मजकूर दिसत होता, पण पुढं काय दाबायचं तेच दिसेना. खाली सरकवू गेला तर चौकट हलेना.

"आर्जव, हे बघ रे, हे पुढं जाईना."

आर्जव हातातली धूळ झटकत आला आणि हसला. "अप्पा, ह्याची स्क्रीन आखूड. चौकट लांब असली की खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर जायचं. असायचं, पण दिसायचं नाही. तेव्हा किती लोक बोंबलत होते यावरनं. दुरुस्तीचा माणूस रोज शिव्या खायचा. तुम्हाला ठाऊक नाही?"

धरणेंद्र स्टुलावर बसला. *फुडं काय करायचं ती काय दिसंना.* पोरीचा आवाज जसाच्या तसा त्याच्या कानात आला. बटण होतं. सगळं भरून झालं होतं, फक्त ते एक बटण दाबायचं राहिलं होतं, आणि बंद कर म्हणून सांगणारे आपण होतो. अर्ज पोचलाच नव्हता. पोरगी नापास झाली नव्हती, कमी पडली नव्हती, तिचं नाव कुणी वाचलंसुद्धा नव्हतं.

दशलक्षणातले उपास त्यानं यंदा फार कडक केले. गुणमालेला संशय आला, तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगायला जाऊ नका."

"असं कसं? देवळात सगळ्यांची क्षमा मागायची आणि जिचं खरं नुकसान केलं तिचीच नाही?"

"तुमाला हलकं व्हायचंय," गुणमाला म्हणाली. "तिचं काय हुईल ते बघा की."

पण धरणेंद्र हटवादी. आयुष्यभर ज्यानं रिक्षावाल्याचीही क्षमा चुकवली नाही, तो ही चुकवणार होता होय? क्षमावाणीच्या दिवशी सकाळी देऊळ केलं आणि एसटी पकडून कराडमार्गे उंब्रजला गेला. सिद्धू अधूनमधून सांगायचा, पोरगी आता तिथल्या एका दवाखान्यात असते, लोक तिला लय मानतात. धरणेंद्र वाटेत स्वतःची समजूत घालत होता. काही का होईना, दवाखान्यातच आहे. शेवटी तिथंच पोचली ना पोरगी.

हायवेच्या कडेला एक लहानसं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. तो आत गेला तेव्हा स्वप्नाली जिन्यावर फरशी पुसत होती. निळी साडी खोचलेली, शेजारी बादली. तिथं ती आया होती.

ती मात्र त्याला बघून उजळली. "आगं बया! आण्णा? हिकडं कुठं?" हात पुसत आली, पाया पडली. मागच्या अंगणात बाकावर बसवलं. चहा आणला आणि दोन केळी आणली. "बिस्किट आणत न्हवते, तुमच्यात चालतं का न्हाई कुणाला ठावं. आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचा, जेवायचं राहील तुमचं." एवढं सगळं तिच्या ध्यानात होतं. दरम्यान आतून एका बाईनं हाक मारली, "स्वप्नाली, ये की गं इकडं, कळा यायला लागल्यात!" ती पळत गेली. दारातून धरणेंद्रला दिसलं, बाईनं तिचा हात घट्ट धरला होता, आणि पांढऱ्या कपड्यातली सिस्टर तिला सांगत होती, "हात सोड आता, बाजूला हो, मला बघू दे." स्वप्नाली बाजूला झाली.

ती परत येऊन बसली तेव्हा खरं तर धरणेंद्रनं उठून जायला हवं होतं. त्यालाही ते एकदा वाटून गेलं. पण हात जोडले गेले होते, आणि जोडलेले हात त्याला मोकळे करायला यायचे नाहीत. त्यानं सांगितलं. चौकट, बटण, आखूड स्क्रीन, दुकानातली गर्दी, आपलं ते वाक्य. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही. शेवटी म्हणाला, "पोरी, तुझी उत्तम क्षमा मागतो."

स्वप्नाली ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती नुसती बादलीकडं बघत राहिली.

"म्हंजी माझा अर्ज गेलाच न्हवता," ती म्हणाली.

"नाही."

"म्हंजी मी लागले असते."

धरणेंद्रनं जोडलेले हात कपाळाला लावले.

"केली क्षमा आण्णा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तुमी मोठी माणसं, हात जोडू नका माझ्याफुडं. पर एक सांगू? तुमी सांगायला नको हुतं. मी रोज त्या सिस्टरांच्या मागनं फरशी पुसते. त्या बोलत्यात, कवा कवा टाकून बोलत्यात. मी मनात म्हणते, जाऊ दे, त्यांचं डोकं आपल्यापरीस चांगलं, म्हणून त्या तिथं हायती. इतकी वर्सं तेवढ्यावर काढली. राग येत न्हवता. आता उद्यापास्नं मी काय म्हणू?"

धरणेंद्र रडू लागला. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना बघून एका पेशंटची सासू आतून डोकावली आणि परत गेली. स्वप्नालीनंच त्याला पाणी आणून दिलं. आणि मग, तो निघताना, रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आमच्या आबांना ह्यातलं काय बोलू नका. त्यांनी माझं लगीन लावून दिलं ते, पोरीचं डोकं चाललं तेवढं चाललं, म्हणून. अजून सांगत्यात चारचौघांत, मी पोरीला संधी दिली हुती, तिचं नशीब. त्यांना हे कळलं तर ते लगीनच त्यांच्या जिवाला लागंल. माझी शपथ हाय तुमाला."

तिची शपथ! बघा, म्हणजे हलकं व्हायला गेलेला माणूस तिथून दुप्पट ओझं घेऊन परतला, आणि त्या पोरीच्या पदरात जे एवढंसं समाधान होतं तेही काढून घेऊन आला. माफी मागून. घरी पोचला तेव्हा दिवस मावळला होता. गुणमालेनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं ते उचललं.

दिवाळी झाली. सिद्धूचा कळप नेहमीसारखा समडोळीच्या रानात उतरला. वयानं वाकला होता सिद्धू, पण घोंगडं खांद्यावर टाकून बांधावर उभा राहिला की अजून तसाच दिसायचा. धरणेंद्रला रानात जायचा धीर होईना. आर्जवला पाठवलं, धान्य पाठवलं. शेवटी सिद्धूच निरोप धाडू लागला, आण्णांना बघून लय दिवस झालं, तेव्हा जावंच लागलं.

मेंढरं निवांत बसली होती. सिद्धूनं चहा टाकला. मग हसत म्हणाला, "आवं आण्णा, यंदा माझी माफी मागायची राहिली की! इसरलासा काय?"

दरवर्षी हे शब्द धरणेंद्रच्या तोंडून किती सहज यायचे. काही केलेलं नसताना यायचे. त्यानं हात वर केले, ते अर्ध्यात थांबले. सिद्धूच्या तोंडाकडं त्याला बघता येईना. मागितली तर कशाची ते सांगावं लागलं नसतं, सिद्धूनं हसून सोडून दिली असती, दरवर्षीसारखी. पण न सांगता मागायची म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा फसवायचं. तो तसाच, काही न बोलता बसून राहिला.

सिद्धूचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "काय झालं आण्णा? रागावलायसा माझ्यावर?" धरणेंद्रनं मान हलवली, पण सिद्धूला ते पटलं नाही. तो काळजीत पडला. काय चुकलं असेल, मेंढरं कुणाच्या उसात शिरली होती का, मनातल्या मनात आठवून बघू लागला. मग त्यानं पटका नीट केला आणि ज्या माणसाकडून ही रीत तो शिकला होता, त्याच्यापुढं वाकून हात जोडले.

"आण्णा, माझं काय चुकलं असंल तर तुमी क्षमा करा. मला तुमच्यावाणी बोलाया येत न्हाई. पर केली म्हणा एकदा, म्हंजी माझ्या जिवाला बरं वाटंल."

तो हात जोडून वाट बघत उभा राहिला. आणि धरणेंद्रला म्हणावं लागलं, "केली रं, सिद्धू."